सरावात वेगवान, स्पर्धेत मंद

प्रश्न : माझी मुलगी पोहण्याच्या स्पर्धांत भाग घेते. सरावात तिची वेळ उत्तम असते, पण स्पर्धेत ती मागे पडते. प्रशिक्षकांनी क्रीडा मानसशास्त्राच्या तज्ज्ञांना भेटण्यास सुचवले आहे. हे शास्त्र नवे आहे का? त्यात कोणकोणते तज्ज्ञ असतात?

उत्तर : हे शास्त्र सव्वाशे वर्षांचे आहे आणि आपल्या मुलीची अडचण त्याच्या आरंभीच्या प्रयोगातच नोंदली गेली आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाविरुद्ध धावणाऱ्यांपेक्षा इतरांच्या सोबतीने धावणारे स्वार अधिक वेगवान असल्याचे त्यांना आढळले. मग त्यांनी ४० मुलांना गळाच्या दोऱ्याची चक्री कधी एकट्याने, तर कधी जोडीने फिरवायला लावली. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून ‘सोबतीने वेग वाढतो’ एवढेच बहुधा सांगितले जाते. प्रत्यक्षात २० मुलांचा वेग वाढला, १० जणांवर फारसा परिणाम झाला नाही, तर उरलेली १० मुले चढाओढीच्या अतिउत्तेजनाने मंदावली. त्यामुळे आपल्या मुलीच्या मंदावण्याला कच्चेपणा समजू नये, असे मला मनापासून वाटते.

पुढे १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. पैशांअभावी ती १९३२ मध्ये बंद पडली. त्यानंतर हा विषय अमेरिकेत बराच काळ मागे पडला, तरी सोव्हिएत संघात त्यावर काम सुरू होते. १९६५ मध्ये रोम येथे आंतरराष्ट्रीय क्रीडा मानसशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा या शास्त्राला जागतिक व्यासपीठ मिळाले.

आज यात तीन प्रकारचे काम प्रामुख्याने चालते. काही तज्ज्ञ एकाग्रता, ध्येयनिश्चिती, स्वतःशी बोलण्याची पद्धत आणि स्पर्धेचे मनातल्या मनात चित्र रंगवणे अशी कौशल्ये शिकवतात. नैराश्य, खाण्यापिण्याचे विकार किंवा दुखापतीनंतरचा मानसिक आघात यांवरील उपचार मात्र चिकित्सा मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाचेच काम आहे. तिसरी शाखा व्यायाम मानसशास्त्राची. व्यायाम सुरू करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक सहा महिन्यांत तो का सोडतात आणि नियमित हालचालीने मनःस्थिती कशी सुधारते, याचा ती अभ्यास करते. पदकांच्या चर्चेत ही शाखा झाकोळली जाते, याची मला खंत वाटते, कारण तिचा उपयोग कधीही स्पर्धेत न उतरणाऱ्यांनाही आहे.

आपल्या मुलीला बहुधा पहिल्या प्रकारच्या तज्ज्ञाची गरज आहे. तिची झोप उडाली असेल, जेवण कमी झाले असेल किंवा पाण्यात उतरणेच नकोसे वाटत असेल, तर आधी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना दाखवावे. भेटीपूर्वी तज्ज्ञांचे शिक्षण कोणत्या शाखेतील आहे हे अवश्य विचारावे आणि सरावातील व स्पर्धेतील वेळांच्या नोंदी सोबत न्याव्यात.