शब्दांची विचारपूस: आजोबांचा एक देव

प्रश्न: आमचे आजोबा महानुभाव पंथाचे उपदेशी. निबंधात मी ‘माझे आजोबा ऐकेश्वरवाद आहेत’ असं लिहिलं, तर सरांनी त्याखाली दोन लाल रेघा ओढल्या. वर्गातला एक जण म्हणाला, तुमच्यात तर पाच कृष्ण, मग देव एक कसा? चूक शब्दात आहे की अर्थात?
– अकरावीतली एक वाचक, ता. मोर्शी

उत्तर: पोरी, दोन्ही रेघा बरोबर पडल्या. पहिली ‘ऐ’साठी. एक अधिक ईश्वर, इथे अ आणि ई मिळून ए होतो. गणेश, परमेश्वर, तसाच एकेश्वर. ‘ऐ’ यायला पुढे ए किंवा ऐ लागतो, जसं एकैक. दुसरी रेघ ‘वाद’साठी. आमच्या खेड्यात वाद म्हटला की शेताच्या धुऱ्याचाच. इथे मात्र वाद म्हणजे मत. एकेश्वरवाद हे मताचं नाव, ते मानणारा एकेश्वरवादी.

अर्थाचं एवढ्यावर भागत नाही. माझा शेजारी दर शनिवारी मारोतीला तेल वाहतो, दुसऱ्या कोणत्या देवळाची पायरी चढत नाही. तो एकेश्वरवादी का? नाही. मरीमाय खोटी, असं तो मेला तरी म्हणणार नाही. तो मारोतीचा एकनिष्ठ भक्त, इतकंच. घरात मूर्ती किती, यावर हा शब्द ठरत नाही. मुळात ईश्वर एकच, दुसरा नाहीच, असं मानणारा तो एकेश्वरवादी. मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू यांच्या धर्मांना हा शब्द सहज लागतो. १८६७ साली मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजालाही लागतो. जोतीराव फुल्यांनी त्या एकासाठी ‘निर्मिक’ हा शब्द वापरला. मला तो फार आवडतो.

आता आजोबा. लहानपणी माझा एक महानुभाव दोस्त सत्यनारायणाचा प्रसाद घेत नसे. ‘आमच्यात चालत नाही,’ म्हणायचा. आम्ही पोरं त्याला शिष्ट समजायचो. पुढे कळलं, त्यामागे पक्का विचार आहे. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच म्हणजे हे जग, आणि परमेश्वर असे चार पदार्थ, म्हणजे मूळ तत्त्वं आहेत; चारही अनादि, चारही वेगळे. म्हणजे देवता आहेत, त्या नाकारलेल्या नाहीत. पण मोक्ष त्यांच्या हातात नाही, तो फक्त परमेश्वर देतो. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे पाच त्या एकाच परमेश्वराचे अवतार. गोविंदप्रभूंचं रिद्धपूर तर तुझ्याच तालुक्यातलं. वर्गातल्या त्या शहाण्याला सांग, अवतार मोजले म्हणून ईश्वर वाढत नाही.

काटेकोर माणूस म्हणेल, देवता मानल्या की एकेश्वरवाद कुठे उरला? त्याचं अगदीच चूक नाही. पण देवता आणि ईश्वर यांत हा पंथ जी रेघ ओढतो, ती पाहून मी तरी हा शब्द चालवून घेईन. ‘अद्वैतवादी’ मात्र लिहू नको. बरेच जण दोन्ही शब्द एकच समजतात. अद्वैतात जीव आणि ब्रह्म वेगळे नाहीतच. महानुभाव मत पक्कं द्वैती.

वाक्य असं कर: ‘माझे आजोबा एकेश्वरवादी आहेत.’ आणि आजोबांना माझा दंडवत प्रणाम सांग.