कार्यालयाबाहेरच्या वापरकर्त्यांना आपल्या मेल सर्व्हरवरून सुरक्षितपणे मेल कसे पाठवू द्यावेत?

आपले पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचे सॉफ्टवेअर) कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये नीट चालते, परंतु बाहेरून पाठवणाऱ्यांना ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ (मेल पुढे पाठवण्याची परवानगी नाही) असा नकार मिळतो. तेव्हा त्यांचे आयपी पत्ते ‘मायनेटवर्क्स’च्या, म्हणजे लॉगिनशिवाय मेल पाठवू दिल्या जाणाऱ्या विश्वासू पत्त्यांच्या, यादीत घालावेत का, असे आपण विचारले आहे. घालू नयेत. मोबाइल किंवा घरगुती कनेक्शनचा पत्ता बदलत राहतो, आज आपल्या सहकाऱ्याकडे असलेला पत्ता उद्या भलत्याच कोणाकडे जातो, आणि यादी अशीच वाढत गेली की सर्व्हर स्पॅम पाठवणाऱ्यांना खुला होतो. परवानगी द्यायची ती लॉगिन करून ओळख पटवलेल्या वापरकर्त्याला.

पोर्ट २५ इतर सर्व्हरकडून येणाऱ्या मेलसाठीच ठेवावे आणि तेथे लॉगिनची सोय देऊ नये. वापरकर्त्यांसाठी पोस्टफिक्सच्या सेवा ठरवणाऱ्या ‘मास्टर.सीएफ’ फाइलमध्ये ५८७ किंवा ४६५ या पोर्टची सेवा सुरू करावी. ५८७ वर कनेक्शन उघडे सुरू होऊन ‘स्टार्टटीएलएस’ या आज्ञेने एन्क्रिप्ट होते, तर ४६५ वर टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारी पद्धत) आरंभापासूनच असते, २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानक-दस्तऐवजाचा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे आणि नव्या सर्व्हरवर मीही तीच निवडतो. ५८७ ठेवल्यास टीएलएस सक्तीचे करावे, कारण ‘प्लेन’ या लॉगिन पद्धतीत पासवर्ड केवळ बेस६४ या (गुप्त नसलेल्या) अक्षररूपात जातो आणि ते कोणालाही सहज उलगडता येते.

पासवर्ड तपासण्याचे काम डव्हकॉट या मेलबॉक्स सर्व्हरकडे सोपवावे. आयमॅपसाठी (सर्व्हरवरचे मेल वाचण्याची पद्धत) तो बहुधा आधीच बसवलेला असतो. त्याचे ऑथ सॉकेट (ज्यातून पोस्टफिक्स त्याला लॉगिन तपासायला सांगते ती विशेष फाइल) पोस्टफिक्सच्या स्पूल डिरेक्टरीत (रांगेतील मेल ठेवण्याच्या जागेत), पोस्टफिक्सच्याच मालकीचे आणि ०६६० परवानगीचे (फक्त मालक व गट यांना वाचन-लेखन) असावे. लॉगिन होत नसल्याची तक्रार आली की मी प्रथम हे सॉकेट तपासतो, आणि पुष्कळदा दोष तेथेच सापडतो.

या सेवेचा रिले नियम दोनच पदांचा ठेवावा: लॉगिन झालेल्यास परवानगी, बाकी सर्वांना नकार. मात्र एवढ्याने लॉगिन केलेला माणूस दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवू शकतो, हे बरेचदा लक्षात येत नाही. त्यासाठी कोणत्या लॉगिनने कोणता प्रेषक पत्ता वापरावा याचा तक्ता देऊन विसंगती नाकारणारा नियम परवानगीच्या आधी लिहावा.

चाचणी कार्यालयातून करू नये, कारण ते नेटवर्क ‘मायनेटवर्क्स’मध्ये असल्याने तेथून सर्व काही सुरळीत भासते. मोबाइल डेटावरून लॉगिनशिवाय परक्या डोमेनला मेल पाठवून पाहावा, तो नाकारला गेलाच पाहिजे. तसेच ५८७ वर टीएलएसपूर्वी ‘एहलो’च्या (ओळख सांगणाऱ्या पहिल्या आज्ञेच्या) उत्तरात ‘ऑथ’ (लॉगिनची सोय) दिसता कामा नये.