गोळ्या थांबवणं ही विश्वासाची परीक्षा नव्हे

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, मूळचे मिरजेचे. आमच्या आठ वर्षांच्या मुलाला एपिलेप्सी आहे, गोळ्या सुरू आहेत. मध्यंतरी चर्चमध्ये उपासना चालू असतानाच त्याला फिट आली. तेव्हापासून प्रार्थनासभेतल्या एक मावशी म्हणतात की हा दुष्टात्म्याचा त्रास आहे, औषधावर भरवसा म्हणजे प्रभूवर अविश्वास. सासूबाई व्हिडिओ कॉलवर रात्रभराच्या उपासप्रार्थनेचा आग्रह धरतात. डिसेंबरात घरी आलात की गोळ्या थांबवून बघू, असंही म्हणतात. प्रार्थना मीही करते, पण मनात शंका येतात. माझाच विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं बोलू. त्या बंद करायच्या नाहीत, एक दिवस ‘बघू’ म्हणूनसुद्धा नाही. हे औषध अचानक तोडलं तर फिट उलटून येतात. कधी एकीला लागून दुसरी अशा येतात की मूल मध्ये शुद्धीवरच येत नाही, आणि ते जिवावर बेतू शकतं. रात्रभराच्या प्रार्थनेचंही तेच. अपुरी झोप हे फिट येण्याचं नेहमीचं निमित्त आहे. ज्या मोठ्यांना जागायचंय त्यांनी खुशाल जागावं, पोराला वेळेवर झोपू द्या.

आता मावशी. त्या पदरचं काही सांगत नाहीत, हे आधी मान्य करू. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, आणि तिथे कारण म्हणून दुष्टात्माच सांगितलाय. पण तो अध्याय घाई न करता वाचा. येशू त्या बापाला आधी काय विचारतो? हे याला केव्हापासून होतंय? तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनेही पहिल्या भेटीत हेच विचारलं असेल. बाप म्हणतो, लहानपणापासून. पुढे तो रडकुंडीला येऊन कबूल करतो की माझा विश्वास आहे, पण अविश्वासही आहे, त्याला तुम्हीच मदत करा. यावर येशू त्याला फटकारत नाही, मुलाला बरं करतो. तुमच्या शंकांचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं. आणि मुलाच्या आजारात आईबापाचं पाप शोधणाऱ्यांसाठी योहानाचा नववा अध्याय आहे : जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही.

सासूबाईंना मात्र वचनांपेक्षा मिरजेचाच दाखला द्या. विल्यम वानलेस या मिशनरी सर्जनने १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभं केलं. प्रार्थना करणारा माणूस हातात शस्त्र घेऊन ऑपरेशनही करत होता, आणि त्याचा विश्वास कमी आहे असं मिरजेत कोणी म्हणेल असं वाटत नाही.

खरं सांगू का, घरच्यांच्या मनातली भीती बरेचदा सैतानाची नसतेच, लोक काय म्हणतील याची असते. पुढे याचं लग्न कसं जमणार? भारतात १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात आणि स्पेशल मॅरेज अॅक्टमध्येही वारंवार येणाऱ्या फिट लग्नाच्या आड येत होत्या. ती अट त्या वर्षी काढली. मनातून ती अजून निघालेली नाही, मग घर ख्रिस्ती असो की हिंदू. सासूबाईंना एवढं जरूर सांगा की जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधाने सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात.

चर्च सोडू नका. पाळकांना वेगळं भेटा आणि दोन गोष्टी मागून घ्या. पहिली : मुलाच्या कानावर ‘दुष्टात्मा’ पडता कामा नये. आठ वर्षांच्या पोराला सगळं कळतं, आणि आपल्या आत कोणीतरी बसलंय ही भीती फिटपेक्षा जास्त काळ टिकते. कोणाला डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असेल तर त्याला विचारून, हळू आवाजात, फिट चालू नसताना करावी. दुसरी : संडे स्कूलच्या शिक्षकांना फिट आल्यावर काय करायचं ते माहीत हवं. घड्याळ बघायचं. आजूबाजूच्या खुर्च्या सरकवायच्या, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. दाबून धरायचं नाही, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. आपल्याकडचं चप्पल किंवा कांदा हुंगवणंही नको. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली की ९९९ ला फोन करून अँब्युलन्स बोलवायची. डॉक्टरांनी तातडीचं औषध दिलं असेल तर ते कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं, हेही त्यांना दाखवून ठेवा.

डिसेंबरच्या प्रवासाआधी डॉक्टरांशी बोला. भारताची वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे डोस कसे सरकवायचे आणि एखादा चुकला तर काय करायचं, ते कागदावर लिहून घ्या. गोळ्या पुरून उरतील इतक्या घ्या आणि चिठ्ठीसकट केबिन बॅगेत ठेवा. तिथे ऐन वेळी दुसऱ्या कंपनीची गोळी घ्यायची पाळी यायला नको. महाराष्ट्रात अँब्युलन्सचा नंबर १०८, तो नवऱ्याच्याही फोनमध्ये असू द्या. आणि सासूबाईंना प्रार्थनेतून बाजूला काढू नका, उलट वेळच ठरवून द्या : रात्रीची गोळी नातवाला त्यांनी आपल्या हाताने द्यायची आणि देताना प्रार्थना करायची. इंग्लंडला परतल्यावर त्याच वेळेला व्हिडिओ कॉल लावा.