प्रेशर पंपाच्या लाईनवर गोठ्यातले ऑटोमॅटिक बाऊल आणि कोंबड्यांचे निपल (चोच लावली की पाणी देणारी तोटी) गळतात, प्रेशर कमी कसं करू?

कॉक अर्धा बंद करून काही होत नाही, सगळे आधी तेच करतात. पाणी वाहतंय तोवर प्रेशर कमी वाटतं पण जनावरं बसली, पाणी थांबलं की पाईपमध्ये पंपाचं पूर्ण प्रेशर परत चढतं, मग बाऊलमधला फ्लोट (बाऊल भरला की पाणी बंद करणारा तरंगता भाग) ते अडवू शकत नाही आणि सकाळी गोठ्यात चिखल.

हिशोब असा की १० मीटर उंचीवरचं पाणी म्हणजे साधारण १ बार. घरचा पंप २-३ बार सहज देतो, शॉवरला मस्त, पण निपलला लागणारा दाब पाण्याच्या उंचीच्या इंचात मोजतात!

माझं मत विचाराल तर गोठ्याची लाईन पंपाच्या आधीच, गच्चीच्या टाकीवरून डायरेक्ट काढा, एक पैसा एक्स्ट्रा वीज नको. मात्र पाईप पाऊण-एक इंची घ्या, दुधाळ गाय एका दमात भरपूर पाणी ओढते, बारीक पाईपने बाऊल भरतच नाही. ते जमत नसेल तर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह (पाणी थांबलेलं असतानाही दाब कमी ठेवणारा), त्याच्या आधी गाळणी (बोअरच्या पाण्यातली रेती आत अडकली की व्हॉल्व्ह गेलाच) आणि पुढे दाब दाखवणारं गेज लावा, सेटिंग सगळे नळ बंद असताना बघा.

कोंबड्यांना वेगळी छोटी फ्लोटवाली टाकी, निपलच्या फूटभर वर, बस.

आणि हो, गोठ्याच्या फाट्यावर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकाच, नाहीतर बाऊलमधलं उष्टं पाणी उलटं घरात यायचं.