पदवीची चिंता आणि रात्रपाळीचा प्रश्न

इंग्लंडमधील मिडलँड्स भागात स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील आई सल्ल्यासाठी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या अठरा वर्षांच्या मुलीला ‘पोलीस कॉन्स्टेबल डिग्री अप्रेंटिसशिप’साठी, म्हणजे पोलिसात नोकरी करता करता पदवी घेण्याच्या मार्गासाठी, अर्ज करायचा होता. आईचा प्रश्न अनेक पालक विचारतात तोच होता: "मॅडम, ही पदवी खरी मानतात का? की पोरीने शिक्षण सोडलं असंच लोक म्हणणार?" नाशिकच्या आजोबांना तर नात शिपाई होणार याचेच वाईट वाटत होते.

पदवी खरीच असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ पासून सुरू झालेल्या या तीन वर्षांच्या मार्गात पोलीस दल आणि विद्यापीठ मिळून प्रशिक्षण देतात, उमेदवाराला सुरुवातीपासून पगार मिळतो आणि विद्यापीठाची फी त्याच्या खिशातून जात नाही. आजोबांच्या दुःखाचेही उत्तर होते: भारतात आयपीएस अधिकारी थेट वरच्या पदावर रुजू होतो, तसे तेथे सहसा होत नाही, पुढे दलाचे प्रमुख होणारे बहुतेक अधिकारीही कॉन्स्टेबल म्हणूनच भरती झालेले असतात.

मला काळजी वेगळ्या गोष्टीची होती. हा मार्ग आधी नोकरी आहे आणि मग पदवी. नोकरी सुटली किंवा परिवीक्षेच्या (प्रोबेशनच्या) काळात दलाने कमी केले, तर अप्रेंटिसशिपही तेथेच थांबते. म्हणून मुलीशी एकटीशी बोलताना मी विचारले, "पदवी मिळणार नसती, तरी तू अर्ज केला असतास का?" हा प्रश्न काल्पनिक नव्हता, कारण २०२४ पासून पदवीविना दोन वर्षांत कॉन्स्टेबल होण्याचा मार्गही तेथे खुला आहे.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने स्वयंसेवी पोलीस कॅडेट, म्हणजे पोलिसांच्या युवा पथकात, असतानाची एक गोष्ट सांगितली. जत्रेत ती सायकलचोरीबद्दलची पत्रके वाटत असताना एक वृद्ध बाई थांबल्या आणि घरफोडी झाल्यापासून दाराला दोन कड्या लावूनही झोप लागत नाही, असे सांगत राहिल्या. हिने सगळे ऐकून घेतले आणि ड्युटीवरच्या कॉन्स्टेबलला त्यांच्यापाशी आणून उभे केले. "ते काम मला करायचं आहे," ती म्हणाली. या उत्तराला मी ए लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेच्या, गुणांपेक्षा जास्त वजन देते.

त्यानंतर आईला सोबत घेऊन आम्ही कागदावर पाळ्या मांडल्या: दोन सकाळच्या, दोन दुपारनंतरच्या, दोन रात्रीच्या आणि मग चार दिवस सुट्टी, जशी अनेक दलांत पद्धत आहे. त्यात निबंध जमा करण्याची तारीख टाकली. अभ्यासासाठी कामातून राखीव वेळ मिळतो, तरीही बरेचसे लिखाण सुट्टीवरच येते, हे मुलीला त्या कागदावर स्वच्छ दिसले. आईचे बोट मात्र रात्रपाळीच्या रकान्यावरच थांबले होते. "एकटीला पाठवतात का हो रात्री?" तिने विचारले, आणि पदवीचा विषय पुन्हा निघाला नाही.

नवख्या उमेदवाराला सुरुवातीला अनुभवी अधिकाऱ्यासोबतच ठेवतात आणि क्षमता सिद्ध झाल्यावरच स्वतंत्र गस्त देतात, एवढे मी सांगितले. धोका नाही असे सांगणे खोटे ठरले असते. अनेक दले नागरिकांना गस्तीच्या गाडीत बसून काम पाहू देतात. अर्जाआधी मुलीने तशी एक रात्र पाहावी, आणि मध्येच सोडावे लागल्यास तोवर मिळवलेल्या क्रेडिटचे (अभ्यासाच्या श्रेयांकांचे) काय होते ते विद्यापीठाकडून लेखी घ्यावे, असे ठरले.