भाजीवाल्या मावशींचं कर्ज: व्याजाआधी हप्ता बघा

तुमचा प्रश्न असा, की कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी बँक सोडून सावकाराकडून का उचलतात, आणि त्यांना स्वस्त कर्ज मिळवून दिलं तर धंदा वाढेल का. माझी सगळी नोकरी पतसंस्थेच्या कर्ज विभागात झाली. त्यावरून सांगतो: व्याजदर नंतर, आधी हप्ता कधी आणि कसा जातो ते बघा.

बाजारातला नेहमीचा व्यवहार घ्या. १०,००० मागितले की हजार आधीच कापून ९,००० हातावर टेकवतात. दुसऱ्या दिवसापासून रोज १०० रुपये, १०० दिवस. ऐकायला हजारच रुपये व्याज. पण मुद्दल रोज उतरत असतं, त्यामुळे वर्षाच्या हिशेबाने दर ७५-८० टक्क्यांच्या घरात जातो. तरीही मावशी घेतात, आणि त्या हिशेबाला कच्च्या आहेत म्हणून नव्हे. पैसे पहाटे मंडईच्या दारात मिळतात, कागद नाही, जामीनदार नाही. वसुलीवाला संध्याकाळी येतो, गल्ल्यात नोटा असताना. धो धो पाऊस झाला तर ‘उद्या दोनशे घ्या’ म्हणता येतं. बँकेचा हप्ता जेमतेम नऊशेचा असेल, पण तो ठरल्या तारखेला एकरकमी. तोवर रोज तीस रुपये बाजूला टाकायचे आणि त्यात घरातल्या कोणी हात घालायचा नाही, हे दहा बाय दहाच्या खोलीत करून बघा! पिग्मी (एजंट रोज येऊन थोडे थोडे पैसे जमा करून नेतो ती बचत) आणि भिशी टिकून आहेत त्या याचमुळे.

आता धंद्याचं. दुसऱ्याच दिवशी हप्ता सुरू होणारं कर्ज कुठल्या धंद्याला झेपतं? सकाळी घातलेला पैसा संध्याकाळी सुटतो त्याला. भाजी, फुलं, मासळी, वडापाव. शिलाई मशीन घेतलं तर गिऱ्हाईक जमेपर्यंत दोन-तीन महिने जातात, तोवर हप्ते कुठून भरणार? म्हणून एकाच नाक्यावर कोथिंबीर विकणाऱ्या सहा जणी दिसतात. त्यात आडत्याने (मंडईतल्या दलालाने) माल उधारीवर दिला असेल तर तो सांगेल त्या भावाने त्याच्याचकडून उचलायचा. म्हणजे हे व्याज भावात लपलेलं.

पहिला हप्ता उशिरा सुरू केला तर काय होतं, हे कोलकात्यात अर्थतज्ज्ञ रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी तपासलं होतं (२०१३ साली छापून आलं). काही बायकांना पहिला हप्ता दोन आठवड्यांनी, काहींना दोन महिन्यांनी. सवलत मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे नफाही जास्त कमावला. थकबाकीही वाढली, हे मात्र सांगायला हवं. संस्था अशी सवलत का देत नाहीत त्याचं उत्तर त्यातच आहे.

नुसतं कर्ज दिलं की उद्योजक तयार होतो, हे मला कधीच पटलं नाही. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरेंनी छोट्या कर्जांवर केलेल्या पाहणीतही आधीपासून धंदा असलेल्यांनी त्यात पैसा वाढवला, पण घरखर्च, मुलांचं शिक्षण यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. चेन्नई आणि फिलिपिन्समध्ये तर अभ्यासकांनी बाजारातल्या विक्रेत्यांचं सावकारी कर्ज पूर्ण फेडून दिलं होतं, आणि बहुतेक जण काही आठवड्यांतच पुन्हा सावकाराच्या दारात होते. हातात शिल्लक नसेल तर दवाखान्याचं एक बिल पुरतं.

मग मावशींसाठी काय? पथविक्रेत्यांसाठीची पीएम स्वनिधी योजना जून २०२० पासून आहे. तारण नाही, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज परत. आधी १०, २० आणि ५० हजार असे टप्पे होते. २०२५ पासून पहिला १५ हजारांचा, दुसरा २५ हजारांचा, तिसरा ५० हजारांचाच. एक फेडलं की पुढचं. पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र लागतं. सर्वेक्षणात नाव राहून गेलं असेल तर शिफारसपत्र मागा.

पहिलं कर्ज नव्या धंद्यात घालू नका. त्यातून सावकाराचं खातं बंद करा आणि रोजचे ते शंभर रुपये तसेच चालू ठेवा, फक्त पिग्मीत. त्यातून बँकेचा हप्ता निघतो आणि वर शिल्लक पडते. शिलाई मशीन, गिरणी असलं काही डोक्यात असेल तर ते दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात. भिशी मोडू नका. अडीनडीला तीच लवकर मिळते.

आणि बँकेत मावशींना एकट्यांना पाठवू नका, तुम्ही सोबत जा. एकट्या आलेल्या बाईला ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणून दारातूनच परत पाठवलेलं मी अनेकदा पाहिलंय. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, ते निघण्याआधी तपासून घ्या.