गोव्यातल्या छोट्या ट्रस्टच्या इस्पितळाला परदेशी वैद्यकीय विद्यापीठाशी करार करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

पहिल्याच बैठकीला तुमच्या ओपीडीच्या सिस्टरला बसवा. एमओयूचा, म्हणजे सामंजस्य कराराचा मसुदा, पाहुण्यांचं जेवण, फोटो हे सगळं मागाहून.

मी फोंड्याकडच्या एका इस्पितळात मेट्रन होते. युरोपातल्या एका विद्यापीठाबरोबर मधुमेहींच्या पायांच्या जखमांचा अभ्यास चालला होता. पेशंटने चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला यायचं. जखमेशेजारी कागदी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा, पट्टी टाकून द्यायची. पट्ट्या त्यांनीच पाठवलेल्या, चांगल्या होत्या. पण तारखा तिकडे बसून काढलेल्या, आणि बऱ्याच जणांचा आठवा आठवडा नेमका गणपतीच्या चवथीत आला. चवथीला माणूस फोंड्यात थांबतो होय? कोणी पेडण्याला मूळ घरी, कोणी सत्तरीत, कोणी काणकोणला. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची सोडून पाय दाखवायला कोण येणार? मी आधीच म्हटलं होतं, यांना आठवडाभर मागेपुढे बोलावू. अभ्यास बघणारे आमचे सर म्हणाले, "सिस्टर, प्रोटोकॉल (अभ्यासाचा ठरलेला आराखडा) बदलता येत नाही." झालं! ओपीडी ओस पडली आणि तिकडच्या तक्त्यात आमच्या पेशंटांपुढे 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे पुढे आलेच नाहीत, असं लागलं. एक आजी गणपती पोचवून आपणहून आल्या, जखम भरत आलेली. मी फोटो काढला, पण तारीख हुकली म्हणून तो धरला नाही.

प्रोटोकॉल बदलता येतो. संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या इथिक्स कमिटीपुढे दुरुस्ती ठेवायची, मंजुरी मिळाली की राबवायची. भेटीच्या तारखेला अलीकडे-पलीकडे काही दिवसांची सवलत ठेवणं तर नेहमीचंच. सरांना तिकडच्या प्राध्यापकांना तसं लिहायची भीड वाटत होती, एवढंच. इस्पितळात स्टाफवर आवाज चढवताना ती भीड कुठे जायची कोण जाणे.

बरोबरीने काम कसं होतं ते पाहायला लांब जायला नको. संगाथ ही संस्था 1996 पासून गोव्यातच आहे. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनबरोबरच्या त्यांच्या 'मानस' चाचणीत डिप्रेशन आणि चिंतेच्या पेशंटांना समुपदेशन दिलं ते इथल्याच, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी. सरकारी आरोग्य केंद्रांत फायदा स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही, आणि 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकामध्ये दोन्ही गोष्टी छापून आल्या.

आता तुमचे कागद. परदेशातून पैसा येणार असेल तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही, तेव्हा "आमच्याकडे घेऊन तुम्हाला देतो" म्हणणाऱ्या ट्रस्टच्या नादी लागू नका. परदेशी भागीदारीतल्या संशोधनाचा प्रस्ताव आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातो. त्याचा वेळ आधीच धरा. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद. आणि पेपरावर कोणाची नावं येणार ते करारातच लिहून घ्या. आमच्या पेपरात मी शेवटी आभारांच्या ओळीत 'नर्सिंग स्टाफ' म्हणून आहे.

हे सगळं संशोधनाच्या कराराबद्दल झालं. गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) सरकारी कॉलेजचं वेगळं, तिथे फाइल पर्वरीला सचिवालयात जाते. एफसीआरएचे नियम बदलत असतात, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय सही नको. आणि तुम्हाला नुसतं प्रशिक्षण किंवा महिन्यातून एकदा व्हिडिओवर केसची चर्चा हवी असेल तर यातलं बरंचसं लागतच नाही. पेशंटची संमती घ्यायची, नाव-चेहरा झाकायचा, आणि तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार एवढं लक्षात ठेवायचं. खरं तर तिथूनच सुरू करा. मी सरांना तेव्हा हेच सुचवलं होतं, पण त्यात कोनशिला बसवायची सोय नव्हती.